रंग दुसऱ्यांदाही तोच यायला हवा

परभणीच्या कृषी विद्यापीठात ज्वारी, कापूस, तूर, सोयाबीन यांच्यावर काम चालतं हे जिल्ह्यातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. त्याच आवारात कापडाचा धागा जाळून त्याचा वास ओळखायला, झेंडूच्या फुलांतून रंग काढायला आणि ब्लाउजचा कागदी नमुना बेतायलाही शिकवतात, हे मात्र गावात फारसं कुणाच्या गावी नसतं. कुणी सांगितलंच तर पुढचा प्रश्न ठरलेला असतो : शिवणकाम शिकायला विद्यापीठ कशाला हवं? गल्लीत शिवणक्लास आहे की!

प्रश्न चुकीचा नाही. त्याचं उत्तर त्या पदवीत रोज काय चालतं ते पाहिल्याशिवाय मिळत नाही. म्हणून ते क्रमानं पाहू.

मराठवाडा कृषी विद्यापीठ 18 मे 1972 रोजी स्थापन झालं आणि 2013 मध्ये त्याला वसंतराव नाईकांचं नाव मिळालं. गृहविज्ञान महाविद्यालय सुरू झालं 1976 साली. आता त्याचं नाव सामुदायिक विज्ञान महाविद्यालय. भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या पाचव्या अधिष्ठाता समितीनं देशभरातल्या कृषी विद्यापीठांच्या गृहविज्ञान पदव्यांचं नाव बदललं, त्यात हेही आलं. ‘मुलींना स्वयंपाक शिकवायचं कॉलेज’ हा जुना टोमणा नाव बदलल्यानं कमी झाला असेल तर चांगलंच आहे.

पदवी चार वर्षांची. एक गोष्ट आधीच स्पष्ट केलेली बरी : ही नुसती कलेची पदवी नाही. अन्न आणि पोषण, मानव विकास, कौटुंबिक साधनसंपत्तीचं व्यवस्थापन, वस्त्र आणि परिधान, विस्तार शिक्षण अशा पाच शाखा सगळ्यांनाच शिकाव्या लागतात. ज्याला फक्त रंग आणि सुई-दोरा हवा, त्याला बालसंगोपन आणि प्रथिनांचा पेपरही द्यावा लागतो. कापडातच पुढे जायचं असेल तर ते पदव्युत्तर पातळीवर. पण पदवीतली कापडाची बाजू एवढी भक्कम असते की हस्तकला विद्यापीठात आल्यावर तिचं काय होतं, हे समजायला ती पुरते.

कृषी विद्यापीठांत प्रत्येक विषयापुढे 2+1 किंवा 1+1 असे आकडे लिहिलेले असतात. पहिला आकडा आठवड्यातल्या वर्गाच्या तासांचा, दुसरा प्रॅक्टिकलचा. आणि प्रॅक्टिकलचं एक क्रेडिट म्हणजे आठवड्याला दोन तास. कापडाच्या विषयांत हा दुसरा आकडाच विद्यार्थ्यांचा जीव खातो. नमुने चिकटवा, निरीक्षणं लिहा, जर्नलवर सही घ्या, सबमिशन करा आणि शेवटी व्हायवाला त्याच नमुन्यावर बोट ठेवून विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्या.

सुरुवात होते धाग्यापासून, आणि तीही काडेपेटीनं. चिमट्यात धाग्याचा लहानसा पुंजका धरून ज्योतीजवळ न्यायचा. सुती धागा कागदासारखा भरभर पेटतो, ज्योतीतून काढला तरी जळत राहतो आणि मागे मऊ राखाडी राख उरते; बोटानं दाबली की उडून जाते. लोकर आणि रेशीम नाखुशीनं जळतात, ज्योत दूर केली की विझतात, केस जळाल्याचा वास येतो आणि टोकाला उरलेली काळी गुठळी चुरगळता येते. पॉलिस्टर ज्योत लागायच्या आधीच आक्रसतं, वितळतं, काळा धूर सोडतं आणि थंड झाल्यावर एक टणक मणी उरतो. तो नखानं फुटत नाही. ‘प्युअर कॉटन’ म्हणून घेतलेल्या ओढणीच्या सुतात राखेबरोबर असा बारीक कडक कण हाताला लागला की मिसळ आहे हे कळतं, दुकानदार काहीही म्हणो.

पण जाळून पाहणं ही पहिली पायरी. त्यानंतर तोच धागा सूक्ष्मदर्शकाखाली जातो. कापसाचा तंतू चपट्या, जागोजाग पिळा पडलेल्या फितीसारखा दिसतो, लोकरीवर खवले असतात, जवसाच्या तंतूला बांबूसारखे पेर दिसतात. त्या पिळांमुळेच कापसाचे तंतू एकमेकांत अडकतात आणि त्यांचं सूत होतं. उभा कापूस आयुष्यभर पाहिलेल्या घरातल्या मुलीलाही हे इथेच पहिल्यांदा दिसतं.

आणि हे परभणीत व्हावं यात एक औचित्य आहे. निजामाच्या काळापासून इथे कापसावर संशोधन चालत आलंय. महेबूब बाग हे इथल्या कापूस संशोधन केंद्राचं नाव आजही चालतं. गावराणी कापूस ही मराठवाड्याची जुनी ओळख. देशी कापसाच्या सुधारित वाणांचं कामही इथे झालं, पीए 255 म्हणजे ‘परभणी तुराब’ हा त्यातलाच. तंतूची लांबी, जाडी, मजबुती हे शब्द शेतकी शाखेचा विद्यार्थी वाणाच्या संदर्भात शिकतो आणि कापडाचा विद्यार्थी सुताच्या संदर्भात. वस्तू एकच. तंतू आखूड असेल तर बारीक सूत निघत नाही, आणि सूत बारीक नसेल तर मलमल होत नाही. हातात येणाऱ्या कापडाचा पोत असा शेतातच निम्मा ठरलेला असतो. मुंबईच्या कलाशाळेत हे पुस्तकातून शिकावं लागेल, इथे कुंपणापलीकडे पाहिलं तरी चालतं.

सुताला नंबर असतो, आणि तो उलटा चालतो : नंबर मोठा तेवढं सूत बारीक. एका पौंडात, म्हणजे सुमारे 454 ग्रॅममध्ये, 840 यार्डांच्या किती लडी बसतात, तो तो नंबर. चाळीस नंबरच्या एका पौंड सुताची लांबी भरते 33,600 यार्ड, म्हणजे तीस किलोमीटरच्या वर. परभणीहून धागा सोडायला सुरुवात केली तर मानवतच्या वाटेवर बराच पुढे जाईल. मग ताणा आणि बाणा. भिंग ठेवून एका इंचात उभे धागे किती, आडवे किती ते मोजायचे. साधी वीण, तिरपी वीण, साटीन यांचे नमुने रंगीत कागदाच्या पट्ट्या एकमेकींत ओवून करायचे. हे काम बालवाडीतल्यासारखं दिसतं खरं, पण जीन्सच्या कापडावरची तिरकी रेघ कशी येते हे त्याशिवाय डोक्यात बसत नाही. शेवटी वजन : दहा सेंटिमीटर लांब आणि तेवढाच रुंद चौकोन कापायचा, तराजूवर ठेवायचा आणि आलेल्या ग्रॅमला शंभरानं गुणायचं. 1.4 ग्रॅम भरला तर कापड 140 जीएसएमचं, म्हणजे चौरस मीटरला 140 ग्रॅमचं. बाजारात कापडाला हात लावून ‘जाड आहे हो’ म्हणणं आणि हा आकडा सांगणं, या दोन्हींत फोनवरून ऑर्डर देता येण्याएवढा फरक पडतो.

खरी गंमत रंगाच्या प्रॅक्टिकलला.

नैसर्गिक रंग म्हटलं की लोकांना वाटतं, फुलं उकळायची आणि कापड बुडवायचं. तसं केलं तर रंग चढतोही. पहिल्या धुण्यात निम्मा जातो आणि उरलेला दोरीवर उन्हात. घरोघरी याचं उदाहरण आहे : हळद. हळदीचा रंग कापडाला काहीही मदत न घेता लागतो आणि डोळ्यांत भरतो, पण उन्हात चार दिवसांत फिका पडतो. शिवाय साबण किंवा धुण्याचा सोडा लागला की लाल होतो. हळदीत चुना गेला की कुंकू होतं, तीच ही किमया. वरून लिंबू पिळलं की परत पिवळा. म्हणजे हळदीनं रंगवलेला रुमाल कापड कमी आणि आम्ल-अल्कली ओळखायची पट्टी जास्त. पहिल्या प्रॅक्टिकलला बहुतेक हळदच असते, ती याच कारणासाठी.

टिकणारा रंग करायचा तर क्रम असा. आधी मांजरपाट घ्यायचं आणि ते धुण्याच्या सोड्यात उकळायचं. कोऱ्या कापडात खळ असते आणि कापसाच्या तंतूवर मेणाचा पातळ थर असतो. तो गेला नाही तर पाणी वरच्यावर थेंब होऊन बसतं आणि रंगाचे ठिपके पडतात. नीट धुतलेलं कापड पाण्यावर टाकलं की लगेच बुडतं. बुडलं नाही तर परत उकळायचं.

मग वाळवून वजन करायचं. पुढचा सगळा हिशेब या कोरड्या वजनावर चालतो. समजा एक स्टोल 150 ग्रॅम भरला. हिरड्याची पूड 20 टक्के, म्हणजे 30 ग्रॅम. तुरटी 15 टक्के, म्हणजे 22.5 ग्रॅम. वाळवलेली झेंडूची फुलं 50 टक्के, म्हणजे 75 ग्रॅम. पाणी कापडाच्या तीसपट, म्हणजे साडेचार लिटर. आजीच्या स्वयंपाकात ‘अंदाजानं’ हा शब्द शोभतो; इथे शिक्षिका तो ऐकून घेत नाहीत.

हिरडा कशाला? तुरटीतलं अॅल्युमिनियम हे रंगाला कापडाशी बांधून ठेवणारं द्रव्य. त्याला पुस्तकात रंगबंधक म्हणतात, वर्गात सगळे मॉर्डंटच म्हणतात. लोकर आणि रेशीम प्राणिज, त्यांना तुरटी सहज धरते. कापसावर ती नीट बसत नाही. हिरड्यात टॅनिन असतं. ते कापसाला आधी चिकटतं, मग तुरटी त्या टॅनिनला धरते आणि रंग तुरटीला. अशी ही साखळी. त्यातली एक कडी गाळली तर रंग पहिल्या धुण्यात बादलीत उतरतो. जुन्या रंगाऱ्यांना टॅनिन हा शब्द माहीत नव्हता, पण हिरडा आधी आणि तुरटी नंतर हे पक्कं माहीत होतं. विद्यापीठानं ते शोधलेलं नाही. कुठल्या पायरीत काय घडतं हे लिहून ठेवलं, म्हणजे एखादी पायरी बदलावी लागली तर काय बदलायचं ते कळतं.

हिरड्याच्या पाण्यातून काढलेलं कापड धुवायचं नाही, नुसतं पिळायचं. तुरटीच्या पाण्यात गरम करायचं. मग फुलांच्या गाळलेल्या रंगात ऐंशी-नव्वद अंश तापमानाला पाऊण ते एक तास, मधूनमधून हलवत. हलवायचा कंटाळा केला की कापडावर ढग उमटतात. त्याच रंगातून काढलेले तीन तुकडे शेजारी ठेवले की खरा धडा कळतो. नुसती तुरटी दिलेला तुकडा लख्ख पिवळा. शेवटी दोन टक्के हिराकस दिलेला तुकडा काळपट हिरवा, जवळजवळ शेवाळी. मोरचूद दिलेला त्या दोन्हींच्या मधला, ऑलिव्हकडे झुकणारा. मोरचुदानं रंग उन्हात जास्त टिकतो, पण उरलेलं पाणी ओतायचं कुठे हा प्रश्न राहतो. तांब्याचं पाणी नालीत सोडून वर ‘नैसर्गिक रंग’ अशी चिठ्ठी लावणं मला तरी लबाडी वाटते. हिराकस जास्त झालं तर वेगळाच घोळ : लोखंडानं सुताची ताकद कमी होते आणि कापड काही वर्षांत घडीवर फाटतं.

इथे परभणीचं पाणी मधे येतं. मराठवाड्याची जमीन काळ्या बेसाल्टवर बसलेली, बोअरचं पाणी जड. त्यात साबणाला फेस येत नाही, वर दह्यासारखा साका धरतो, आणि तो कापडावर बसला की रंग खातो. पाइप गंजका असेल तर आणखी कठीण. हिरड्याच्या टॅनिनची लोखंडाशी गाठ पडली की काळी शाई होते, पूर्वी शाई अशीच करत. मग पिवळ्याऐवजी मळका राखाडी रंग निघतो आणि विद्यार्थिनी फुलांना दोष देत बसते. म्हणून जर्नलमध्ये पाणी कुठलं तेही लिहायचं असतं : नळाचं, बोअरचं, पावसाचं की डिस्टिल्ड.

रंगाची साधनं इथे शोधायला लांब जावं लागत नाही. शिमग्याच्या आधी पळस फुलतो. बाभळीच्या सालीचा तपकिरी रंग निघतो, ज्यूसवाल्याकडची डाळिंबाची सालं पिवळट खाकी देतात, आणि दसरा-दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी भाजीबाजारात न विकल्या गेलेल्या झेंडूचे ढीग पडलेले असतात. ती फुलं सावलीत वाळवून डब्यात भरली की वर्षभराची सोय झाली. मात्र प्रत्येक डब्यावर तारीख लिहायची. यंदाच्या झेंडूत आणि गेल्या वर्षीच्या झेंडूत फरक पडतो.

रंग चढला म्हणजे काम संपलं असं नाही. आता परीक्षा. रंगवलेल्या पट्टीला पांढरं कापड टाचून ठरावीक साबणात, ठरावीक तापमानाला, ठरावीक वेळ धुवायचं. रंग किती गेला आणि पांढऱ्यावर किती उतरला ते राखाडी पट्टीशी ताडून 1 ते 5 मध्ये गुण द्यायचे. 5 म्हणजे काहीच गेला नाही. ओल्या आणि कोरड्या कापडानं घासून पाहायचं. उन्हासाठी वेगळी मोजपट्टी, 1 ते 8 ची : निळ्या लोकरीचे आठ तुकडे, एकापेक्षा एक जास्त टिकणारे, आपल्या नमुन्याशेजारी ठेवायचे, सगळ्यांचा अर्धा भाग पुठ्ठ्यानं झाकायचा आणि कुठल्या तुकड्याबरोबर आपला रंग उडतो ते बघायचं. प्रयोगशाळेत त्यासाठी दिवा असतो. तो नसला तर परभणीचं एप्रिल-मेचं ऊन आहेच, त्याला वीजबिल येत नाही.

जर्नलमधलं एक पान जवळून पाहा. डाव्या बाजूला तीन बोटं रुंदीचे सहा तुकडे चिकटवलेले, कडा कातरीनं नागमोडी कापलेल्या. प्रत्येकाखाली कापडाचं वजन, हिरडा, मॉर्डंट, फुलं, पाणी, तापमान, वेळ. उजवीकडे धुण्याचे, घासण्याचे, उन्हाचे गुण. सहावा तुकडा बाकीच्यांपेक्षा थोडा मळका, आणि त्याखाली पेन्सिलीनं : ‘वर्गातला नळ बंद, बोअरचं पाणी.’ या एका पानावरून दुसरी कुणी मुलगी पुढच्या वर्षी तोच पिवळा पुन्हा काढू शकते. शिवणक्लास आणि विद्यापीठ यांत फरक कुठे, या सुरुवातीच्या प्रश्नाचं माझ्या मते हेच उत्तर. क्लासमधल्या बाईंचा हात कदाचित जास्त सफाईदार असेल. पण रंग दुसऱ्यांदाही तोच यायला हवा, चाळीस दुपट्ट्यांवर एकसारखा यायला हवा, आणि करणारी बदलली तरी यायला हवा, ही अट क्लासमध्ये कुणी घालत नाही. पुण्या-मुंबईचा दुकानदार पहिली अट तीच घालतो.

छपाई, म्हणजे लाकडी ठसे आणि स्क्रीन, याच रसायनावर उभी आहे, फक्त रंग पातळ ठेवण्याऐवजी डिंकानं घट्ट करायचा, म्हणजे रेघेबाहेर पसरत नाही. रंगचक्र, प्रमाण, तोल, लय हे कलेचे मूलभूत धडे वेगळ्या विषयात येतात. ते कुठल्याही कलाशाळेत जसे शिकवतात तसेच. त्यावर जास्त थांबत नाही.

बेतणं आणि शिवणं यांत मात्र पुन्हा मोजमाप आलं. आधी खाकी कागदावर मापाचा मूळ नमुना, त्यावरून मांजरपाटाचा कच्चा कपडा, तो अंगावर चढवून कुठे ताणतो, कुठे झोल येतो ते पाहायचं, आणि मग खरं कापड कापायचं. उभ्या धाग्यावर कापलेलं कापड आकार धरतं, उरेब कापलेलं ताणतं. म्हणून गळ्याची पट्टी उरेबच हवी. टक्स कुठे संपवायचा, दाब किती सोडायचा, हे टेलरलाही माहीत असतं. इथे विचारतात, का?

या ‘का’चा सगळ्यात चांगला वापर मला दिसतो तो शेतातल्या बाईच्या कपड्यांत. अखिल भारतीय समन्वित संशोधन प्रकल्पाचं, पूर्वी गृहविज्ञानाच्या नावानं चालणारं, एक केंद्र परभणीत आहे, आणि शेतकरी महिलांचे कष्ट कमी करणारी साधनं हा त्याचा जुना विषय. कापूस वेचणीचंच घ्या. बाई पदराची किंवा फडक्याची ओटी बांधते आणि वेचलेला कापूस त्यात टाकते. ओटी भरत जाते तसा भार कमरेला पुढे ओढतो आणि पाठ वाकते. सुकलेल्या बोंडांची टोकं हाताला ओरबाडतात. चांगला कापूस आणि कवडी, म्हणजे डागाळलेला कापूस, एकाच ओटीत गेली की जिनिंगवर भाव पडतो.

आता हा प्रश्न वस्त्ररचना म्हणून मांडून पाहा. ओझं कमरेवरून खांद्यावर न्यायचं, म्हणजे रुंद पट्टे हवेत, अरुंद पट्टा खांद्यात रुततो. ते पाठीवर एकमेकांना छेद देणारे असले तर घसरत नाहीत. साडीवरून घालायचं, तेव्हा बटणं नकोत. बांधायच्या नाड्या, म्हणजे एकच माप सगळ्यांना बसतं. खिसा दोन भागांचा, मोठा चांगल्या कापसाला, छोटा कवडीला. मोठ्या खिशाचा तळ नाडी सोडली की उघडणारा, म्हणजे गाठोड्यावर उभं राहून रिकामा करता येतो. बाही मनगटापर्यंत, पण बोटं मोकळी. हातमोज्यात कापूस सुटत नाही. कापड सुतीच, कारण नोव्हेंबरातही दुपारी घाम येतो. जीएसएम मात्र जास्त, नाहीतर काट्यानं फाटेल. जिथे ताण येतो तिथे दुहेरी शिलाई. मग चार बायांना घालायला द्यायचं. तासाला किती किलो वेचलं, कामाआधी आणि नंतर नाडीचे ठोके किती, अंग कुठे दुखलं, हे आधीच्या ओटीशी ताडून पाहायचं. बाईनं दुपारनंतर ते काढून ठेवलं असेल तर नमुना नापास, मग तो प्रदर्शनात कितीही देखणा दिसो. उपयोजित कला म्हणतात ती याहून जास्त उपयोजित कुठे पाहायला मिळेल?

शेवटच्या वर्षात गावात राहून करायचा कार्यानुभव असतो. सगळे त्याला ‘रावे’ म्हणतात. शिकलेलं तिथे उलट बाजूनं तपासलं जातं, कारण हाताची कला गावातल्या बाईला जास्त येते. वाकळ शिवणारी बाई बहुतेकदा कडेनं धावदोरा सुरू करून आत आत जाते आणि चार थर कुठेही न सरकता एकजीव करते. पट्टी-पेन्सिल न वापरता. विद्यार्थिनीला तिथे शिकवण्यासारखं फार नसतं, टिपण्यासारखं असतं.

जिंतूर तालुक्यातले बंजारा तांडे हे त्यातलं श्रीमंत ठिकाण. विद्यापीठाला ज्यांचं नाव आहे ते वसंतराव नाईक याच बंजारा समाजातले, पुसदजवळच्या गहुलीचे; तेव्हा फेटिया (घागरा), काचळी (चोळी), छांटिया (ओढणी) यांचा अभ्यास इथे व्हावा हे ओघानंच आलं. जाड लाल-निळ्या कापडावर आरसे, कवड्या, नाणी आणि दाट टाके. टिपण करायची पद्धत अशी : नक्षीचा एक पूर्ण घटक मोजायचा, आलेख कागदावर एक चौकट म्हणजे एक टाका अशी उतरवायची, दोऱ्याचा नंबर आणि पदर लिहायचे, मूळ कापडाची वीण लिहायची. आणि कपडा उलटा करून मागच्या बाजूचा फोटो घ्यायचा. पुढून सगळे टाके सुंदरच दिसतात. सुई कुठून शिरली, कुठून निघाली, दोरा एका नक्षीवरून दुसरीवर कसा उडी मारून गेला, हे फक्त पाठीवरून कळतं. तांड्यातली एखादी याडी, म्हणजे आई, ते पाहून हसते, कारण भरतकामाची उलटी बाजू परक्याला दाखवायची नसते.

या टिपणाचं पुढे काय करायचं, हा प्रश्न वर्गात पुरेसा विचारला जात नाही असं मला वाटतं. भौगोलिक निर्देशांकाचा कायदा 1999 चा; त्याखाली पैठणीला नोंद मिळाली, कर्नाटकातल्या संडूरच्या लंबाणी भरतकामालाही मिळाली. पण हा कायदा नावाचं रक्षण करतो, टाक्याचं नाही. याडीची नक्षी आलेख कागदावर उतरवून कुणी मशीनवर कुर्त्यांना मारली तर तिला काही मिळत नाही. टिपणाखाली तांड्याचं आणि, तिची परवानगी असेल तर, करणारीचं नाव लिहिणं हा किमान शिष्टाचार.

पैशाचा हिशेबही शिकवतात, आणि तिथेच बचत गटांची गाडी अडते. समजा एका स्टोलचं कापड 120 रुपये, रंग आणि जळण 40, तीन तासांचं काम तासाला 60 प्रमाणे 180. बेरीज 340. त्यावर बिघडलेल्या मालाचे दहा टक्के, म्हणजे 34. खर्चच झाला 374. स्टॉलवर तोच स्टोल 250 ला विकून ‘नव्वद सुटले’ म्हणणाऱ्या ताई आपली मजुरी धरतच नाहीत.

पदवीनंतर मुलं जातात कुठे? कापड तपासणीच्या प्रयोगशाळा, तयार कपड्यांच्या कारखान्यांतली गुणवत्ता तपासणी, अध्यापन, कृषी विज्ञान केंद्रांतल्या गृहविज्ञान विषय विशेषज्ञाच्या जागा, बचत गटांचं प्रशिक्षण. बरीच जणं स्पर्धा परीक्षांकडे वळतात, परभणीत कुठल्याही पदवीनंतर वळतात तशीच. नुसतं शिवणकाम हवं असेल तर आयटीआयचा शिवणकामाचा एक वर्षाचा कोर्स पुरेसा आहे, आणि त्यात कमीपणा काही नाही.

ज्याचा जीव चित्रात आहे, पोस्टर, अक्षररचना, पुस्तकाची मुखपृष्ठं, जाहिरात यांत आहे, त्याची वाट मात्र वेगळी. ती म्हणजे बीएफए, ललित कलेची पदवी, आणि त्यातली उपयोजित कला. हीही चार वर्षांची. राज्यात शासकीय कला महाविद्यालयं मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे आहेत. परभणीच्या मुलासाठी संभाजीनगर सोयीचं, रेल्वेनं चारेक तासांचं. मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेची सुरुवात 1857 ची; तिथे व्यावसायिक कलेचा विभाग 1935 मध्ये निघाला, 1961 मध्ये उपयोजित कलेची स्वतंत्र संस्था झाली, आणि 2023 मध्ये ज. जी.ला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. उपयोजित कलेत मांजरपाट आणि हिरडा नाही. अक्षर, चित्र आणि आशय यांची जुळणी आहे. आठवीपासून शाळेत ज्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षा दिल्या जातात, त्या या वाटेच्या पहिल्या पायऱ्या. इंटरमिजिएटला अ श्रेणी मिळाली तर दहावीला 7 गुण वाढतात, ब ला 5, क ला 3. बहुतेक घरांत त्या परीक्षांचा उपयोग तेवढ्यापुरताच राहतो. चित्रकलेच्या तासाला गणित घेणाऱ्या शाळाही आहेत, त्यांच्याविषयी न बोललेलं बरं.

बीएफएसाठी राज्याची वेगळी सीईटी असते. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र हे हाताचे पेपर आणि एक सामान्य ज्ञानाचा. स्मरणचित्रात ‘आठवडी बाजार’ किंवा ‘बसस्टँड’ असा विषय आला तर माणसं मनानं काढावी लागतात, समोर पाहून नाही. परभणीच्या शनिवार बाजारात किंवा स्टँडवर बसून रोज दहा मिनिटं वही भरणं हा त्याचा सगळ्यात स्वस्त क्लास. भाजीवाली उकिडवी कशी बसते, तराजू धरणारा हात कुठे वाकतो, पोतं खांद्यावर घेतलेल्या हमालाची मान किती कलते, हे मोबाइलवरच्या फोटोवरून गिरवून हातात उतरत नाही.

दोन्ही प्रवेश सीईटी कक्षामार्फत होत असले तरी अर्ज आणि परीक्षा वेगळ्या. सामुदायिक विज्ञान येतं कृषी पदव्यांच्या यादीत. शेती, उद्यानविद्या, वनविद्या यांच्याबरोबर पर्यायांत ते नीट शोधून भरावं लागतं, नाहीतर नजरेतून सुटतं. कला सीईटीचा अर्ज तर बारावीचा निकाल लागायच्या कितीतरी आधी, परीक्षेच्या धामधुमीतच भरायचा असतो. निकाल हातात आल्यावर ‘आता कलेला जाऊ’ म्हणणाऱ्या पोराला त्या वर्षी दार बंद असतं. म्हणून अकरावीच्या उन्हाळ्यातच एकदा सामुदायिक विज्ञानच्या आवारात जाऊन यावं, कुणाचं तरी जर्नल उघडून पाहावं. रंगांच्या तुकड्यांखालचे आकडे वाचायला मजा आली तर पुढचं ठरवायला सोपं. आकडे टाळून डोळा फक्त रंगावर गेला, तर संभाजीनगरच्या गाडीचं वेळापत्रक पाहून ठेवावं.